रणथंबोरची राहुटी

मंडळी, रणथंबोरजवळच्या एका कॅम्पवर मी दोन रात्री राहिलो. नावाला तंबू, आत पलंग, गालिचा, गरम पाण्याचं स्नानघर. जेवणाच्या शामियान्यात राजेरजवाड्यांच्या शिकारीचे जुने फोटो. हा थाट काही उगाच नाही बरं का. हे रान जयपूर संस्थानाचं राखीव शिकारक्षेत्रच होतं. बड्या पाहुण्यांसाठी राहुट्या, कनाती, मचाण, हाकारे असा सगळा सरंजाम असे.

१९५५ साली इथे अभयारण्य जाहीर झालं. तरी जानेवारी १९६१ मध्ये महाराजा मानसिंहांचे पाहुणे प्रिन्स फिलिप यांनी इथेच वाघ मारला. आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीच्या ब्रिटिश शाखेचे ते पहिले अध्यक्ष झाले!

१९७३ च्या व्याघ्रप्रकल्पातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या मेळघाटाबरोबर रणथंबोरही होतं. संस्थानी काळात या रानात शिकारही होती आणि गावंही. वाघ वाचवायचा ठरल्यावर गावं उठली. सफारीत 'लकर्दा' हे नाव कानावर पडतं ते वाघ दिसण्याची जागा म्हणून. ते नांदतं गाव होतं. लोक गेले, शेतांची गवताळ कुरणं झाली, चितळ-सांबर वाढले आणि रात्री फिरणारा वाघ दिवसाढवळ्या दिसू लागला. तो दिसतो म्हणून पर्यटक येतात, म्हणून तंबू लागतात.

प्रकल्प चुकला असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही गेलात तर गाईडला एवढं जरूर विचारा, लकर्द्याची माणसं आता कुठे राहतात?