पाठीवर थाप पडेपर्यंत

सोनारीत भैरवनाथाच्या देवळाबाहेर पायरीवर तुम्ही टेकता. एक माकड भिंतीवरून झेपावतं, दुसरं त्याला हुलकावणी देऊन कमानीवर चढतं. ऊन अंगावर येतं, डोळा लागतो. उघडतो तेव्हा पायाखाली दगड नसतो, मॅट असते.

१९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम. खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना, समोर नेपाळ. तुम्ही मधल्या रांगेत बसलेल्यांपैकी एक. तुमचं तोंड डावीकडे, शेजारणीचं उजवीकडे. मागून कोण येतंय ते तुम्हाला दिसत नाही. बुटांची चरचर ऐकू येते, कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. घाई करून आधीच उठलात तर फाऊल. थाप पडते, "खो!" आणि तुम्ही सुटता. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही. पळणारी मात्र दोघींच्या मधून सुळकन पलीकडे जाते. म्हणून चार पावलांत दुसरीला खो द्यायचा. लोक वेगवान पायांचं कौतुक करतात, पण खरी पळते ती थाप. एकाच वेळी रांगेतल्या प्रत्येक जागी दबा धरून बसलेली.

हा झपाटा मोठ्या सामन्यात टिकेल का, ही शंका जुनी. मातीवरच्या खो-खोत पाळी नऊ मिनिटांची, आणि मान पळणाऱ्याचा. बसलेल्यांच्या मधून आत-बाहेर पळत एकेरी साखळी, दुहेरी साखळी, पाठलाग करणाऱ्याला दमवून सोडायचं. दिल्लीत पाळी सात मिनिटांची, एक गडी बाद केला की दोन गुण. नियमच घाई करा म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्येही असाच वाद रंगला: मैदानभर खेळाडू पसरून, दम न घेता खेळणारे संघ शेवटच्या सामन्यात ढेपाळतात म्हणे. २०११ च्या जानेवारीत ओरेगन अंतिम सामन्यात २२-१९ असा हरला तेव्हा शंकेखोरांना आनंद झाला. हरवणारा ऑबर्नही त्याच पठडीतला होता, हे सोयीस्करपणे विसरलं गेलं.

इकडे दिल्लीत पहिली पाळी संपते. फलकावर भारत ३४, नेपाळ ०.

थाप पुन्हा पडते, पण हात दुसराच. फेब्रुवारी २०१६, गुवाहाटी. दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदाच आलंय आणि भारतीय महिला संघाची कर्णधार तुमच्याच धाराशिव जिल्ह्यातली, सारिका काळे. सुवर्णपदक. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो तब्बल २२ वर्षांनी आला होता. दिल्लीतल्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे आहे. क्रिकेटच्या अकादम्या पुण्या-मुंबईत निघतात. धाराशिवकरांना दोन खांब आणि सपाट जागा पुरते.

परत दिल्ली. नेपाळच्या मुली बावळट नाहीत. त्या तुमचाच वेग तुमच्यावर उलटवतात: ३५-२४. पोटात खड्डा पडतो. तिसऱ्या पाळीत कर्णधार प्रियांका इंगळेचा संघ पुन्हा तुटून पडतो आणि फलक ७३-२४ वर जातो. वादाचा निकाल लागला, असं वाटतं.

पण शेवटची पाळी बाकी आहे आणि आता पळायचं तुम्हाला. तुमच्या तुकडीत सहकारी चैत्रा. तीन मिनिटं टिकलात तर ड्रीम रनचा एक गुण, पुढे दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. इथे झपाटा कामाचा नाही. तुम्ही साखळी धरता, मातीवरची जुनीच. आत, बाहेर, आत. पाठलाग करणारीचा खांदा झुकला की उलट बाजू. तीन मिनिटं. चार. छाती फुटायला आलेली. पाच मिनिटं उलटतात, पाच गुण वाढतात. शेवटी फलक ७८-४०.

पाठीवर थाप पडते. तुम्ही दचकून उठता.

पायरीवर माकड तुमची केळ्यांची पिशवी घेऊन निघालेलं. तुम्ही धावता. ते दोन खांबांच्या मधून सुळकन पलीकडे जातं.