ज्ञातित्रास निवारण निबंध (बडोदा)

बडोदा संस्थानात कायद्याला ‘निबंध’ म्हणत. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९३३ मध्ये झालेल्या या निबंधाने ज्ञातिपंचायतींच्या बहिष्काराला चाप लावला. जात वा धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क ब्रिटिश मुलखात १८५० पासूनच कायद्याने सुरक्षित होता. परंतु रोटीबेटी व्यवहार तुटण्याची, प्रेताला खांदेकरी न मिळण्याची धास्ती त्याने सरत नव्हती. पंचांची खरी सत्ता या धास्तीतच होती. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी राज्याने जातीतून वा पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. १९६२ च्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.