भोंग्याची तार

‘प्रभात’नं १९३२ साली इथंच, कोल्हापुरात, ‘अयोध्येचा राजा’ केला आणि मराठी पडदा बोलू लागला. बोलपटाबरोबर थेटरात एक नवी वस्तू आली: यंत्राच्या खोलीपासून पडद्यामागच्या कर्ण्यापर्यंत ओढलेली तार.

माझा धंदा लाऊडस्पीकरचा, म्हणजे त्याच तारेचा. तालीम मंडळांच्या गणपतीत मंगळवार पेठेत खांबाखांबावर भोंगे बांधत जायचो, तार अगदी बारीक. तरी आवाज शेवटच्या भोंग्यापर्यंत खणखणीत पोचायचा, कारण त्या लाइनला १०० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर असायचे. व्होल्टेज जास्त, करंट कमी, तारेत फारसं काही जिरत नसे. पुढं ८ ओहमचे बॉक्स आले, आणि तीच तार आवाज खाऊ लागली.

आता गिऱ्हाईक होम थिएटरला महागडी केबल मागतं. मी हिशेब मांडून दाखवतो. १.५ स्क्वेअर एमएमची १० मीटर तांब्याची केबल, जाऊन-येऊन २० मीटर. रेझिस्टन्स सुमारे ०.२३ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढं हे ३ टक्केही नाही, कानाला कळणार नाही. स्पीकर ४ ओहमचा किंवा हॉल लांब असेल, तर २.५ ची घ्या. तांबं मात्र अस्सल हवं. मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम मी दुकानात ठेवत नाही. त्याचा रेझिस्टन्स दीडपट भरतो.