जेजेचं ग्लिसरीन आणि बाबांची गोळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी बीपीच्या गोळीवरून भांडण झालं. विरार पूर्वेला स्टेशनकडे जाताना एक जनऔषधी केंद्र लागतं. तिथून मी बाबांसाठी अ‍ॅम्लोडिपिन आणली, नेहमीच्या पाकिटाच्या निम्म्याहून कमी पैशांत. बाबांनी स्ट्रिप उलटसुलट बघितली आणि परत माझ्या हातात दिली. "जेजेला पण स्वस्तातलंच आणलं होतं," म्हणाले.

मला संदर्भ लागेना. १९८६ साली बाबा चोवीस वर्षांचे होते, विरार लोकलने चर्चगेटला कामाला जायचे. तेव्हा डब्यात कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता म्हणे. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. मग वाचायला बसलो.

त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या जेजे रुग्णालयात काही रुग्णांना तोंडावाटे ग्लिसरीन दिलं जात होतं. मेंदूवरची सूज उतरावी म्हणून ते द्यायची पद्धत जुनीच होती. पण या वेळी ते घेतलेल्या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली. एकेकाची मूत्रपिंडं निकामी झाली आणि १४ जण गेले. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर, त्यामुळे नुसतं बाटलीकडे बघून काही कळत नाही. फरक फक्त प्रयोगशाळेत कळतो, आणि ती चाचणी फार अवघडही नाही. पुरवठादार अल्पना फार्माकडून आलेला माल औद्योगिक वापराचा होता. औषध म्हणून तो वॉर्डापर्यंत पोहोचला.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. माल कुठून आला एवढं शोधून ते थांबले नाहीत. रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासनाचे परवाने, वरून येणारे राजकीय दबाव, सगळी साखळी त्यांनी उघडी केली. १९८८ साली आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडेही घाईत कोड न वाचता 'अप्रूव्ह' दाबणारे असतात. आधीच्याने बघितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटतं. आमचं फार तर अ‍ॅप बंद पडतं.

म्हणजे बाबांचं बरोबर? अर्धं.

कारण हेच विष ब्रँडच्या बाटलीतूनही आलंय. १९३७ साली अमेरिकेत 'एलिक्सिर सल्फानिलामाइड' नावाच्या औषधाने शंभरहून अधिक माणसं मारली. त्यातलं द्रावक होतं डायइथिलीन ग्लायकॉल. दुसऱ्या वर्षी तिथे कायदा झाला की, सुरक्षितता दाखवल्याशिवाय नवं औषध विकायचं नाही. आपल्याकडे १९७२च्या सुमारास मद्रासमध्ये मुलं दगावली, तरी १९८६ घडलंच. आणि २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची आजारी मुलं नागपूरला उपचारांसाठी आणली जात होती. वीसहून अधिक मुलं गेली. 'कोल्ड्रिफ' हे त्या खोकल्याच्या औषधाचं ब्रँडनाव. तमिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा ०.१ टक्का आहे.

ब्रँड की जेनेरिक, हा वाद आपल्याकडे मुळातच चुकीच्या जागी अडकलाय. अ‍ॅम्लोडिपिनचा शोध फायझरचा. बाबा वर्षानुवर्षं घेतात ती गोळी एका भारतीय कंपनीची, म्हणजे तीही जेनेरिकच, फक्त नाव लावलेली. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्याच बळावर आपल्या कंपन्या वाढल्या. १९७५ साली हाथी समितीने ब्रँडनावं टप्प्याटप्प्याने बंद करायला सुचवलं. ते काही झालं नाही. नाव गेलं तर दर्ज्याची जबाबदारी कोणाची, असा कंपन्यांचा सवाल होता. सवाल अगदीच खोटा नाही. पण दर्जा बघायचं काम कंपनीच्या नावावर सोडायचं, तर मग औषध निरीक्षक कशाला?

सरकारनेही ढिलाई केलीच. जेनेरिक गोळी मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते का, ही चाचणी बरीच वर्षं ठरावीक मुदतीनंतर मागितलीच जात नसे. पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांसाठी ती २०१७ साली सक्तीची झाली. त्याआधी परवाना मिळालेला बराच माल बाजारात होताच. म्हणून 'जेनेरिक म्हणजे डोळे मिटून घ्या' असं सांगणाऱ्यांचंही मला पटत नाही.

विरारहून डहाणू लोकल धरली की पुढे बोईसर लागतं. तिथल्या तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल तयार होतो. तो कुठल्या नावाच्या पाकिटात जाणार, हे ते पिंप भरणाऱ्याला थोडंच माहीत असतं! हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जेजेच्या पिंपालाही माहीत नव्हतं."

यावर मला बोलता आलं नाही. शेवटी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळी बदलायला हरकत नाही म्हणून सांगितलं, फक्त महिनाभर रोज बीपी मोजा म्हणाले. सध्या जनऔषधीचीच गोळी चालू आहे. बाबा सकाळी चहाच्या आधी मशीन लावतात आणि आकडा वहीत लिहितात. शेजारी स्ट्रिपवरचा बॅच नंबरही उतरवून ठेवतात.