नळीवरचा क्रमांक

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराची सक्तीची तपासणी होते. तीत एक प्रकार असा घडतो की, तो प्रथमदर्शनी कोणाही समंजस माणसास अन्यायाचा वाटावा. एखादा गृहस्थ आपल्या जुन्या गाडीची गंजलेली धुराची नळी काढून टाकतो आणि बाजारातून घेतलेली दुसऱ्या कारखान्याची नळी, तिच्यातील धूर शुद्ध करणाऱ्या पात्रासह, बसवून घेतो. गाडी तपासणीला जाते. यंत्र धूर मोजते आणि धूर सर्व मर्यादांच्या आत असतो. तरीही गाडी नापास होते, कारण नव्या पात्रावर राज्याच्या मान्यतेचा क्रमांक कोरलेला नसतो. धूर स्वच्छ असताना क्रमांकाचे एवढे स्तोम कशासाठी, असा प्रश्न तो गृहस्थ विचारतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. ते गेल्या ऐंशी वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते.

१९४३ सालच्या जुलै महिन्यात लॉस एंजलिस शहरावर अचानक एक दाट, झोंबरे धुके उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. महायुद्धाचा काळ असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका घेण्यापर्यंत मजल गेली. पुढे कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर ठपका आला, पण तो बंद करूनही धुके हटेना. या कोड्याचा उलगडा केला तो आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. हे गृहस्थ कॅलिफोर्नियातील तंत्रविज्ञान संस्थेत अननसाचा स्वाद कशाने येतो याचा अभ्यास करीत होते. तीच सूक्ष्म पृथक्करणाची विद्या त्यांनी शहराच्या हवेला लावली, आणि १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले की, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडले म्हणजे ओझोन व त्याची झोंबरी भावंडे तयार होतात. इंधनाचे हे अवशेष येत होते तेलाच्या कारखान्यांतून आणि शहरातील लाखो मोटारींच्या नळ्यांतून. दोष कोणा परकीय शत्रूचा नव्हता. तो प्रत्येकाच्या दारात उभा होता.

उपायही फार दूर नव्हता. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने याच दशकात मोटारीच्या नळीत बसणारे उत्प्रेरक पात्र तयार केले. आज ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या नावाने सर्वत्र ओळखले जाते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट, तिच्यावर प्लॅटिनमवर्गीय धातूंचा अगदी पातळ लेप. गरम धूर त्यातून गेला की त्यातील विषारी अंश जळून निरुपद्रवी होतो. अडचण एकच होती. त्या वेळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत, आणि शिशाचा थर चढला की हे पात्र निकामी होई. त्यामुळे हूड्रींची कल्पना जवळजवळ वीस वर्षे पडून राहिली. अखेर १९७० सालच्या अमेरिकन कायद्याने धुरातील प्रमुख दोष नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन कारखानदारांवर घातले, १९७४ मध्ये पंपांवर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, आणि १९७५ सालच्या बहुतेक नव्या मोटारी हे पात्र घेऊनच रस्त्यावर आल्या.

येथवरची कथा विज्ञानाची. यापुढची मनुष्यस्वभावाची आहे, आणि आपला मूळ प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

शिसेविरहित पेट्रोल किंचित महाग होते. नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद ठेवले होते, जेणेकरून शिसेयुक्त पेट्रोलची जाड तोटी आत जाऊ नये. लोकांनी ती तोंडे ठोकून रुंद केली. या पात्रामुळे इंजिनाचा दम कोंडतो अशी समजूत पसरली, तेव्हा ते काढून त्या जागी साधी सरळ नळी बसवण्याचा धंदा सुरू झाला. या नळीला बाजारात नाव काय मिळाले होते? ‘टेस्ट पाइप’, म्हणजे चाचणीची नळी! जणू काही ती क्षणभर परीक्षेपुरतीच बसवायची होती. पात्र काढण्यास १९७० च्या कायद्याने कारखानदार व विक्रेते यांना मनाई होती. १९७७ मध्ये ती दुरुस्ती करणाऱ्यांना लागू झाली, आणि १९९० मध्ये स्वतः मालकाला व असे सुटे भाग विकणाऱ्यांना. मनाईचा हा प्रवास पाहिला म्हणजे कायदा पळवाटांच्या मागे कसा धापा टाकीत धावत होता, हे ध्यानात येते.

कॅलिफोर्नियाने १९८४ साली नियमित तपासणी सुरू केली, तेव्हा केवळ धूर मोजून भागणार नाही हे उघड झाले होते. याला तांत्रिक कारणही तितकेच सबळ आहे. उत्प्रेरक पात्र तापल्याशिवाय काम करीत नाही. गार इंजिन सुरू झाल्यापासूनची पहिली काही मिनिटे धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि प्रवासातील एकूण घाणीचा फार मोठा वाटा याच मिनिटांचा असतो. तपासणीला आलेली गाडी मात्र चालून, तापून आलेली असते. शिवाय, ज्या स्वस्त पात्रात मौल्यवान धातू नावापुरता आहे, तेही नवे असताना आणि गरम असताना उत्तम निकाल देते. वर्षभराने त्याच्यात उरते ती नुसती मातीची वीट. म्हणून राज्याने असा मार्ग काढला की, नळीची खरी परीक्षा प्रयोगशाळेत, रात्रभर गार ठेवलेल्या गाडीवर, एकदाच घ्यावी. उत्तीर्ण झाल्यास तिला क्रमांक द्यावा. आणि तपासनिसाने फक्त तो क्रमांक पाहावा. २००९ पासून अशा पात्राने पाच वर्षे अथवा पन्नास हजार मैल टिकण्याची हमीही द्यावी लागते. क्रमांक म्हणजे रिकामा शिक्का नव्हे. तपासनिसाच्या यंत्राला जे दिसू शकत नाही, त्याची ती साक्ष आहे.

हे एकदा समजले की नियमातील बारकावे आपोआप उलगडतात. पात्राच्या पुढे, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाकडे, कोणती नळी आणि कोणता सायलेन्सर बसवला, याची धुराच्या तपासणीला फारशी फिकीर नसते. शुद्धीकरण तेथवर उरकलेले असते. (आवाजाची ९५ डेसिबेलांची मर्यादा हा वेगळा मामला.) परंतु इंजिन आणि पात्र यांच्यामधली नळी बदलली, तर क्रमांक हवाच. कारण पात्र इंजिनापासून लांब गेले की उशिरा तापते. आणि जोडात फट राहिली की बाहेरची हवा आत ओढली जाते, प्राणवायू मोजणारा संवेदक फसतो, व इंजिनाला नको तितके पेट्रोल मिळू लागते.

एका गोष्टीचे मला, प्रशासनात आयुष्य घालवत असलेल्या माणसाला, विशेष कौतुक वाटते. ज्यांच्या गाड्या नियमांच्या चौकटीत नीट बसत नाहीत, त्यांच्यासाठी या राज्याने पंच नेमले आहेत. इंजिनच बदललेली गाडी त्यांच्याकडे नेता येते. ते ती बारकाईने पाहतात आणि योग्य वाटल्यास तिच्यावर स्वतःची चिठ्ठी लावतात. नियम कडक करणाऱ्याने अपवादाचे दारही बांधून ठेवावे, हे फार थोड्या ठिकाणी घडते.

मात्र, सगळी लबाडी नागरिकांच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. २०१५ साली उघडकीस आले की, फोक्सवागेन या बलाढ्य जर्मन कंपनीने सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत अशी आज्ञावली घातली होती की, गाडी प्रयोगशाळेत आहे हे ओळखून तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ करावा. ज्या प्रयोगशाळेच्या भरवशावर क्रमांक दिले जातात, तिलाच येथे गुंगारा दिला गेला. आणि तो पकडला गेला तो रस्त्यावर चालत्या गाडीचा धूर मोजल्यामुळे. कॅलिफोर्नियात आता २००० सालापासूनच्या बहुतेक गाड्यांचा धूर मोजतच नाहीत. गाडीतल्या संगणकालाच विचारतात. तेव्हा लोकांनी संगणक बदलण्यास आरंभ केला, आणि जुलै २०२१ पासून त्याची आज्ञावली मूळची आहे की नाही, हेही तपासले जाऊ लागले.

आपल्याकडे उत्प्रेरक पात्र आले ते १९९५ च्या एप्रिलमध्ये, दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांतील नव्या मोटारींना. शिसेविरहित पेट्रोल देशभर पोचले ते २००० साली. आपले प्रदूषणाचे प्रमाणपत्र नळीच्या तोंडाशी, उभ्या गाडीवर मोजलेल्या धुरावर दिले जाते. आणि बाजारातून नळी आणून बसवण्याची हौस आपल्याकडे मोटारीपेक्षा मोटारसायकलला अधिक जडली आहे. मुंबई-पुण्याच्या पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची चित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली असतील. तेथे तक्रार असते ती कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाची. परंतु एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत उत्प्रेरक पात्र त्या नळीच्याच पोटात बसवलेले असते. आवाजाच्या हौसेने मूळ नळी काढून माळ्यावर टाकणारा तरुण तिच्याबरोबर ते प्लॅटिनमवर्गीय धातूंचे पोळेही माळ्यावर टाकतो, आणि पुष्कळदा त्याला याची कल्पनाही नसते.