विद्युत उपकरणांवरील तपासणी-चिठ्ठी

ब्रिटनमधील कार्यालयांत किटली, संगणक वा ड्रिल यंत्राच्या प्लगवर बहुधा हिरवी चिठ्ठी आढळते. हलवता येण्याजोग्या विद्युत उपकरणाची तपासणी झाल्याची ती खूण. तीवर उपकरणाचा क्रमांक, तपासणीची तारीख व तपासनिसाची आद्याक्षरे असतात. नापास उपकरणास लाल चिठ्ठी लावून ते वापरातून काढतात. ही चिठ्ठी कायद्याने सक्तीची आहे, हा मात्र रूढ गैरसमज. १९८९च्या ‘इलेक्ट्रिसिटी अ‍ॅट वर्क’ नियमांना उपकरण धोकारहित राखणे अभिप्रेत आहे. वार्षिक तपासणीचेही बंधन त्यांत नाही. शिवाय चिठ्ठी केवळ त्या दिवसाची स्थिती सांगते. दुसऱ्याच दिवशी वायरचे आवरण फाटले तरी चिठ्ठी हिरवीच राहते. म्हणून वापरापूर्वी वायर व प्लग डोळ्यांखालून घालणे अधिक मोलाचे. फाटके आवरण, तडकलेला प्लग, जळकट डाग असे बहुतेक दोष नुसत्या नजरेलाच दिसतात.