किमान वेतनाच्या वादातील काळाचा प्रश्न

किमान वेतनाचा विचार करताना 'किती' या प्रश्नाकडेच अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जाते. ठरविलेला आकडा किती काळ टिकावा, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः भारतातील वेतनविषयक वादाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाशिवाय नीट उलगडत नाही.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने बिडी, तांदूळ गिरण्या, दगडफोड, शेती इत्यादी असंघटित धंद्यांतील मजुरांना संरक्षण देऊ केले. परंतु किमान वेतन म्हणजे काय याची व्याख्या केली नाही. ती उणीव न्याय्य वेतन समितीने १९४९ च्या अहवालात काही अंशी भरून काढली. किमान, न्याय्य आणि निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या तिने कल्पिल्या. किमान वेतनाने केवळ प्राणरक्षण न होता कामगाराची कार्यक्षमताही टिकली पाहिजे, आणि त्यासाठी शिक्षण, औषधोपचार व काही सुखसोयी यांची तरतूद त्यात असली पाहिजे, असे तिचे मत होते. धंद्याच्या देयक्षमतेचा विचार तिने न्याय्य वेतनापुरता ठेवला. सर्वोच्च न्यायालयानेही १९५७ मध्ये क्राउन ॲल्युमिनियमच्या व १९६१ मध्ये उनिचोयी यांच्या खटल्यात हीच भूमिका घेतली. किमान वेतन देऊ न शकणाऱ्या धंद्यास चालू राहण्याचा हक्क नाही, असा तिचा आशय होता.

गरज मोजावी कशी, याचे उत्तर १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. एका मिळवत्यामागे तीन उपभोग-घटक, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार आहार, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के, असे ते प्रमाण होते. परंतु दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ मध्ये हे प्रमाण स्वीकारले नाही. त्यानुसार येणारी रक्कम सुमारे १२५ रुपये होती; आयोगाने ८० रुपयांची शिफारस केली. या असंतोषाची परिणती जुलै १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात झाली.

तथापि मान्य झालेला आकडाही भाववाढीत झिजत जातो. संघटित कामगारांना याची जाणीव आधीच झाली होती. मुंबईच्या गिरण्यांत १९४७ च्या निवाड्याने मूळ किमान वेतन ३० रुपये ठरले, तरी कामगारांची खरी भिस्त निर्देशांकाशी जोडलेल्या महागाई भत्त्यावर होती. म्हणूनच निर्देशांक भाववाढ कमी दाखवितो, ही तक्रार वेतनाइतकीच तीव्र झाली. १९६३ मध्ये प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ती साधार ठरविली.

असंघटित मजुराजवळ असे साधन नव्हते. कायद्याने निर्वाहखर्चानुसार बदलणाऱ्या भत्त्याची सोय ठेवली होती. परंतु सर्वसमावेशक एकच दर ठरविण्याचीही मुभा दिली होती. पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार करण्याचे बंधन होते. परंतु पुढे जोडलेल्या परंतुकाने, मुदत टळल्यास जुने दरच चालू राहतील असे म्हटले. परिणामी विलंबाचा सारा भार मजुरावर पडला. सरकारने काहीच केले नाही, तरी वेतनकपात आपोआप होत राहिली.

मालकपक्षाचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार होता असे नव्हे. लहान कारखानदाराची अडचण खरी असते, आणि वेतनवाढीने रोजगार घटण्याचे भय अर्थशास्त्रज्ञांतही वादाचा विषय राहिले आहे. परंतु हा युक्तिवाद दर किती असावा यासंबंधी आहे. ठरलेल्या दराचे वास्तव मूल्य गुपचूप घटू देण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

हीच कथा पुढेही चालू राहिली. १९९६ मध्ये सुरू झालेले, वैधानिक बळ नसलेले राष्ट्रीय तळवेतन रोजी ३५ रुपये होते. २०१७ मध्ये ते १७६ झाले. २०१९ च्या तज्ज्ञ समितीने जुलै २०१८ च्या भावांनुसार ३७५ रुपये सुचविले. त्याच वर्षीच्या वेतन संहितेने तळवेतनास वैधानिक आधार दिला. परंतु किमान दरांचा फेरविचार पाच वर्षांच्या आत 'सामान्यतः' व्हावा, असेच म्हटले. आकड्यावर सात दशके वाद झाला; काळाचा प्रश्न मात्र या एका शब्दाच्या आड तसाच उरला.